गाडी नऊ लाखांची, मग विमा पावणेपाच लाखांचाच का?

या वेळचं पत्र नाशिकच्या इंदिरानगरमधल्या एका ताईंचं आहे. थोडं कापून देतो.

"काका, सप्रेम नमस्कार. ऑक्टोबर २०२२ मध्ये आम्ही छोटी पेट्रोल गाडी घेतली, ११९७ सीसीची. ऑन रोड ९ लाख ३० हजार पडले, त्यातले एक्स-शोरूम ८ लाख. तीन वर्षांत एकदाही क्लेम केला नाही. या ऑक्टोबरात विम्याची नोटीस आली, तर गाडीची किंमत ४ लाख ७२ हजार. मागच्या वर्षी ५ लाख ९५ हजार होती. एका वर्षात सव्वा लाख गेले कुठे? बरं, किंमत घटली तर हप्ता तरी घटावा! तो ६,७२१ वरून ८,६५२ झाला. आमच्या ओळखीचे एजंट म्हणतात, 'ताई, सव्वाचार लाख धरू, पैसे वाचतील.' दीर म्हणतात, 'वहिनी, जितकी जास्त लावता येईल तितकी लाव.' त्यांनी मोबाइलवर दुसऱ्या कंपनीचं ५ लाख १६ हजारांचं कोटेशनही काढून दाखवलं. जुन्या गाड्यांचा एक डीलर तर आत्ता ५ लाख २५ हजार द्यायला तयार आहे. मग खरी किंमत कोणती? झिरो डेप घेतलं की किंमत घटत नाही, असं शेजारी म्हणतात. ते खरं का? मागच्या वर्षी ऑगस्टमध्ये ५५ हजारांचं सीएनजी किट बसवलंय, नोटिशीत ते कुठे दिसत नाही. आणि सासऱ्यांची २०१३ ची गाडी आहे, तिचं काय करायचं?"

ताई, तुम्ही आकडे लिहून पाठवलेत म्हणून आधी आभार. मी वीस-बावीस वर्षं विम्याचा सर्व्हेअर म्हणून गाड्या तपासल्या. "काका, माझी किंमत कमी धरली" एवढंच सांगणारे शेकडो भेटले, पॉलिसीचा कागद पुढे ठेवणारे बोटावर मोजण्याइतके.

तुमच्या नोटिशीवर जी किंमत आहे तिला आयडीव्ही म्हणतात, म्हणजे विम्यासाठी घोषित केलेली किंमत. ती तुम्ही गाडीला मोजलेली रक्कम नाही, आणि डीलर देईल ती रक्कमही नाही. गाडी चोरीला गेली किंवा दुरुस्तीपलीकडे गेली, तर कंपनी जास्तीत जास्त किती देईल याची ही आधीच लिहून ठेवलेली मर्यादा आहे. ती ठरवायची रीत २००२ च्या मोटार टॅरिफपासून, म्हणजे मोटार विम्याच्या दरपत्रकापासून चालत आलेली आहे. तुमच्याच मॉडेलची, तुमच्याच व्हेरियंटची कंपनीच्या यादीतली आजची किंमत घ्यायची आणि गाडीच्या वयाप्रमाणे घसारा वजा करायचा. पहिल्या सहा महिन्यांत ५ टक्के, वर्षापर्यंत १५, दोन वर्षांपर्यंत २०, तीनपर्यंत ३०, चारपर्यंत ४० आणि पाचपर्यंत ५०. यात रस्ता कर, नोंदणी, विम्याचा हप्ता काहीही येत नाही. तुमच्या ९ लाख ३० हजारांपैकी वरचे १ लाख ३० हजार या हिशोबात कधी नव्हतेच. त्यातले ८८ हजार तर पेट्रोल गाडीवरचा ११ टक्के कर.

आता सव्वा लाख गेले कुठे ते बघू. 'आजची किंमत' या शब्दावर बोट ठेवा. तुम्ही २०२२ मध्ये काय मोजलं याच्याशी देणंघेणं नाही, नूतनीकरणाच्या दिवशी यादीत काय आहे ते महत्त्वाचं. मागच्या वर्षी गाडी दोन ते तीन वर्षांच्या घरात होती, म्हणजे ३० टक्के घसारा. ५ लाख ९५ हजार हे ७० टक्के असतील तर तेव्हाची यादी किंमत निघते ८ लाख ५० हजार. यंदा तीन वर्षं पूर्ण झाली, घसारा ४० टक्के. ४ लाख ७२ हजार हे ६० टक्के असतील तर यादी किंमत निघते साधारण ७ लाख ८७ हजार.

म्हणजे नवी गाडी वर्षभरात स्वस्त झाली. ती कशी? २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटी उतरला. १२०० सीसीपर्यंतच्या आणि चार मीटरच्या आतल्या पेट्रोल गाडीवर आधी २८ टक्के जीएसटी आणि १ टक्का सेस लागायचा. आता सरसकट १८. दिवाळीच्या तोंडावर नवी गाडी घेणाऱ्यांनी पेढे वाटले, आणि ज्यांच्या दारात जुनी उभी होती त्यांची आयडीव्ही खाली आली. याबद्दल कुणी अवाक्षर काढलं नाही.

मग दिरांच्या मोबाइलवरचा आकडा वेगळा कसा? ५ लाख १६ हजार हे ६० टक्के धरले तर यादी किंमत येते ८ लाख ६० हजार. त्यातून २९ टक्के कर काढा आणि १८ टक्के चढवा: बरोबर ७ लाख ८७ हजारांच्या आसपास! हा योगायोग आहे असं मला वाटत नाही. एका कंपनीच्या संगणकात नवी किंमत चढली आहे, दुसरीच्या संगणकात अजून जुनी आहे, असा माझा अंदाज. गाडी तीच, वय तेच, घसारा तोच. फरक फक्त यादी कोणत्या तारखेची एवढाच. दोन्ही कंपन्यांना 'या व्हेरियंटची एक्स-शोरूम किंमत किती धरली' हे ईमेलवर विचारा, म्हणजे अंदाजाची गरज राहणार नाही. व्हेरियंटही तपासून घ्या. वरच्या मॉडेलचा मालक आणि पॉलिसीत खालचं मॉडेल, हा घोटाळा मी इतक्या वेळा पाहिला आहे की गाडी बघण्याआधी मी व्हेरियंटचं नाव बघायचो.

हप्ता का वाढला, हे याहून सोपं आहे आणि त्याचा आयडीव्हीशी संबंध नाही. १ सप्टेंबर २०१८ पासून नव्या कारला तीन वर्षांचा थर्ड पार्टी विमा (आपल्या गाडीने दुसऱ्याचं नुकसान झालं तर ते भरणारा) सुरुवातीलाच घ्यावा लागतो. तुमचा तो २०२२ मध्येच भरून झाला होता, ऑन रोड रकमेत लपलेला. त्यानंतरची दोन वर्षं तुम्ही फक्त स्वतःच्या नुकसानीचा भाग भरत होतात. ती तीन वर्षं आता संपली. १,००० ते १,५०० सीसीच्या गाडीचा थर्ड पार्टी दर २०२२ च्या जूनमध्ये ३,४१६ रुपये ठरला, त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ४,०३१. ही रक्कम ८,६५२ मधून काढा. राहतात ४,६२१, आणि मागच्या वर्षी याच भागाला ६,७२१ होते. घटलाच आहे हप्ता. थर्ड पार्टीचा दर सरकार ठरवतं. तुम्ही आयडीव्ही सव्वाचार लाख लावा नाहीतर सव्वापाच, त्यात एक रुपया हलत नाही.

आता एजंट आणि दीर यांच्यातलं भांडण. इथे जरा थांबू, कारण सल्ला इथेच चुकतो.

आपल्याकडे ओन डॅमेजचा, म्हणजे स्वतःच्या नुकसानीच्या भागाचा, मूळ दर दोन झोनमध्ये विभागलेला आहे. मुंबई, पुणे आणि आणखी सहा मोठी शहरं 'अ' झोनमध्ये, बाकी सगळा देश 'ब' मध्ये. नाशिक 'ब' मध्ये. तुमच्या वयाच्या आणि सीसीच्या गाडीला पुण्यात ३.२८३ टक्के, नाशकात ३.१९१. (पुण्यापेक्षा खालच्या रांगेत बसवल्याचा नाशिककराला आनंद व्हावा अशी ही एकमेव जागा.) १ जानेवारी २००७ पासून कंपन्या आपला दर स्वतः ठरवू शकतात, तरी बऱ्याच जणी हाच पाया धरून वर सूट देतात. तुमच्या नोटिशीतले आकडे मी मागे मागे नेले तर ६० टक्के सूट आणि तीन बिनक्लेम वर्षांचा ३५ टक्के एनसीबी, म्हणजे नो क्लेम बोनस, धरला की हिशोब जुळतो.

४ लाख ७२ हजारांवर ३.१९१ टक्के म्हणजे १५,०६१. सूट जाऊन ६,०२५. एनसीबी जाऊन ३,९१६. जीएसटी धरून ४,६२१. याच पद्धतीने सव्वाचार लाखांना ४,१६१ येतात. म्हणजे एजंट तुमचे वाचवतात ४६० रुपये, आणि त्या बदल्यात कमी होतं ४७ हजारांचं कवच. आयडीव्ही ५ लाख १६ हजार केली तर आजच्या नोटिशीपेक्षा ४३१ रुपये जास्त. दुसऱ्या कंपनीची सूट वेगळी असेल, तेव्हा शेवटचा आकडा थोडा हलेल, पण हे प्रमाण लक्षात ठेवा: तुमच्या गाडीला एक लाखाची आयडीव्ही वर्षाला हजार रुपयांच्या आत पडते. कॉलेज रोडला चौघं जेवायला गेलात तर याहून जास्त बिल होतं.

एजंट खोटं बोलत नाहीत, अर्धं बोलतात. बंपर फुटला, आरसा गेला, दार चेपलं, अशा क्लेममध्ये आयडीव्हीचा प्रश्नच येत नाही. तिथे सुट्या भागांचा वेगळा घसारा लागतो. प्लास्टिक, रबर, टायर आणि बॅटरीला ५० टक्के, काचेला काही नाही, धातूच्या भागांना गाडीच्या वयाप्रमाणे, तुमच्या गाडीला यंदा २५ टक्के. हा घसारा कंपनी कापते, तुम्ही भरता. हजार रुपये सक्तीची वजावट वेगळी. म्हणून आयडीव्ही कमी केलेल्या माणसाला वर्षानुवर्षं काहीच जाणवत नाही. जाणवतं ते एकदाच.

ते एकदाच कधी, तर दोन प्रसंगी. गाडी चोरीला गेली तेव्हा, आणि टोटल लॉस झाला तेव्हा. गाडी परत मिळवण्याचा आणि दुरुस्तीचा एकत्रित खर्च आयडीव्हीच्या ७५ टक्क्यांच्या वर गेला की तो टोटल लॉस. आपल्याकडे हे कळायला गोदाघाटासारखी शाळा नाही. गंगापूर धरणातून पाणी सोडलं की पंचवटीतल्या जुन्या लोकांची नजर नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीकडे जाते. पाणी त्याच्या गुडघ्याला, कमरेला, छातीला, अशी ती मोजणी. आणि तरीही नदीकाठच्या गौरी पटांगणावर दर पावसाळ्यात कुणाची ना कुणाची गाडी उभी असतेच. अशीच एक गाडी दोरखंड लावून काढताना मी पाहिली आहे. गाळ सीटच्या वरपर्यंत. मालक म्हणाला, "इंजिन तरी वाचलं असेल ना?" गॅरेजचा अंदाज आला ३ लाख ३० हजार. आयडीव्ही त्याने एका एजंटाच्या सांगण्यावरून ४ लाखांवर आणली होती. ७५ टक्के म्हणजे ३ लाख. टोटल लॉस. चार लाखांतून वजावट गेली, बँकेचं कर्ज होतं म्हणून पहिला चेक बँकेकडे गेला, आणि उरलेल्या पैशात तशी गाडी नाशकात मिळेना.

तुमच्या बाबतीत सव्वाचार लाखांवर ही रेषा ३ लाख १८ हजार ७५० ला येते, ५ लाख १६ हजारांवर ३ लाख ८७ हजारांना. कमी आयडीव्ही म्हणजे गाडी लवकर 'संपते', आणि संपल्यावर पैसेही कमी. दोन्हीकडून तोटा.

पुरावरून एक वेगळी गोष्ट, विषयाबाहेरची, पण सांगतोच. बुडालेली गाडी 'बघू तरी चालते का' म्हणून चावी फिरवू नका. पुराचं नुकसान पॉलिसीत बसतं. पाणी भरलेलं इंजिन सुरू करण्याचा प्रयत्न केल्यामुळे जे मोडतं, त्यावर वाद होतो, त्यासाठी इंजिन प्रोटेक्ट म्हणून वेगळं कवच आहे. गाडी ओढून न्या, चावी खिशात ठेवा.

मग दीर बरोबर का? पूर्ण नाही. 'जितकी जास्त' हेही धोरण नव्हे. कंपनीने मान्य केली म्हणून अवास्तव किंमत लावली तर ७५ टक्क्यांची रेषाही वर सरकते. मग ज्या गाडीचा बाजारभाव सव्वापाच लाख आहे, ती चार लाख खर्चूनही दुरुस्तच केली जाते. अशी मोडून जोडलेली गाडी पुढची दहा वर्षं कुरकुरते. किंमत इतकी असावी की गाडी गेली तर तशीच गाडी, तेवढीच चाललेली, नाशकात विकत घेता यावी. डीलर विकत घेताना ५ लाख २५ हजार देतोय, विकताना तो थोडे जास्त लावेल. तेव्हा ५ लाख १६ हजार ही अवास्तव तर नाहीच, किंचित कमीच आहे. मी असतो तर तीच घेतली असती. आधी तुमच्या चालू कंपनीला फोन करून आकडा वर नेता येतो का विचारा, बहुतेक ठिकाणी थोडी मोकळीक असते. नाही म्हणाली तर बदला. एनसीबी तुमचा आहे, गाडीचा किंवा कंपनीचा नाही, तो तुमच्याबरोबर येतो. मात्र हा बदल पॉलिसी संपण्याआधी करा. मध्ये खंड पडला तर गाडीची तपासणी करावी लागते, आणि ९० दिवस उलटले तर एनसीबी गेलाच.

एकदा आयडीव्ही छापून आली की वर्षभर तीच बाजारभाव समजली जाते. टोटल लॉसला त्यावर आणखी घसारा लावायचा नाही, असं पॉलिसीतच लिहिलेलं असतं. नवव्या महिन्यात गाडी गेली आणि कुणी म्हणालं, "आता हिची किंमत कमी झाली हो," तर ते वाक्य काढून दाखवा. ऐकलं नाही तर आधी कंपनीच्या तक्रार विभागाकडे लेखी जा. तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर विमा लोकपाल. नाशिकसाठी त्यांचं कार्यालय पुण्याला आहे, वकील लागत नाही.

झिरो डेपबद्दल तुमच्या शेजाऱ्यांनी दोन घसाऱ्यांची गल्लत केली आहे. ती जवळजवळ सगळेच करतात, कारण शब्द एकच आहे. एक घसारा गाडीच्या किमतीवरचा, जो आयडीव्ही ठरवतो. तो झिरो डेपने थांबत नाही. दुसरा सुट्या भागांवरचा, बंपर आणि दारावरचा. तो कापला जाऊ नये म्हणून झिरो डेप. टोटल लॉसला त्याचा काही उपयोग नाही. मूळ बिलाची रक्कम परत देणारं वेगळं कवच असतं, त्याला रिटर्न टू इन्व्हॉइस म्हणतात, पण ते बहुधा नव्या गाड्यांनाच मिळतं. तुमच्या तीन वर्षांच्या गाडीला कोण देतं का, विचारून बघायला हरकत नाही. झिरो डेप मात्र अजून मिळेल, आणि द्वारका चौकाच्या गर्दीतून रोज जात असाल तर घ्या.

सीएनजी किटचं मात्र आजच बघा. नोटिशीत नाही, म्हणजे विम्याच्या दृष्टीने ते गाडीत नाही. बाहेरून बसवलेलं किट, म्युझिक सिस्टीम, अलॉय व्हील्स, असं जे जे कंपनीच्या यादी किमतीत नाही ते वेगळं जाहीर करावं लागतं, आणि त्यालाही तोच घसारा लागतो. किटला वर्ष उलटलं, म्हणून ५५ हजारांचे २० टक्के जाऊन ४४ हजार. त्यावर मूळ दर ४ टक्के, म्हणजे १,७६० रुपये, आणि थर्ड पार्टीत ६० रुपये. पण पैशांपेक्षा नोंद मोठी. आरसी बुकात इंधन 'पेट्रोल' आणि डिकीत सिलिंडर, अशी गाडी क्लेमला आली की सर्व्हेअरचं पेन थांबतं. माझंही थांबायचं. पेठ रोडच्या आरटीओत किटची नोंद झाली आहे का ते आरसीवर बघा. नसेल तर बसवणाऱ्याकडून बिल आणि प्रमाणपत्र घेऊन आधी ती करून घ्या, मग पॉलिसीत.

सासऱ्यांच्या गाडीला आयडीव्ही असते, पण तक्ता पाच वर्षांना संपतो. त्यापुढे मालक आणि कंपनी यांनी आपसात ठरवायचं. २०१३ ची गाडी आज बाजारात लाख-सव्वालाखाची असेल, तर त्यातली किती किंमत स्वतः सोसायची तयारी आहे ते त्यांनाच विचारा. ओन डॅमेज सोडून नुसती थर्ड पार्टी घेतली तरी चालेल. थर्ड पार्टी मात्र कायद्याने हवीच. आणि सासरेबुवा ती गाडी अजून सोमेश्वरला, त्र्यंबकला स्वतः चालवत नेत असतील, तर पूर्ण विमाच घ्या. बारा वर्षांच्या गाडीच्या धातूच्या भागांना ५० टक्के कापले जातील हे त्यांना आधी सांगून ठेवा, म्हणजे दार चेपल्यावर गॅरेजमध्ये आवाज चढणार नाही.